हात लावल्याशिवाय बदली नाही

३ जून

भावजी,

आशीर्वाद पत्राच्या शेवटी देईन, आधी काम सांगते.

तुम्ही चौघं निघालात तेव्हापासून रोज फोन होतो, पण त्या फोनला काही अर्थ नाही. मी विचारते, "गुडघा कसा आहे?" तुझा दादा म्हणतो, "मस्त." मग तू फोनवर येतोस आणि तूही "मस्त"च म्हणतोस, कारण तो शेजारच्या पलंगावर पाय पसरून ऐकत असतो. म्हणून हे पत्र. तुमच्या पुढच्या मुक्कामांचे पत्ते मी तुमच्या संघातल्या मास्तरांच्या बायकोकडून काढून घेतले आहेत. उत्तर कागदावरच पाठव, आणि लिहिताना दादा अंघोळीला गेलेला असू दे.

आता नीट वाच. निघायच्या आधी मी त्याला आमच्या विभागात नेऊन गुडघ्याचा एक्स-रे काढला, हे तुला माहीत आहे. फोटोत काय दिसलं ते त्याने तुम्हाला सांगितलं नसणार. उजव्या गुडघ्यात, आतल्या बाजूला, दोन हाडांमधली फट जवळजवळ बुजली आहे. असे गुडघे मी रोज बघते, पण ते सत्तरीच्या माणसांचे. आमचे हाडांचे डॉक्टर म्हणाले, चालेल, फिरेल, पण एकदा जोरात मुरगळला तर गुडघ्यावर बसणं कायमचं संपलं. फरशी बसवणारा माणूस काय उभ्याने फरशी बसवणार आहे? त्याला दुसरं काही येत नाही. आणि आलं तरी तो त्यात झुरेल. मागे माझ्या मैत्रिणीच्या नव्या घरी गेलो, तर सगळे गप्पा मारत होते आणि हा जमिनीवर हात फिरवत सांधे तपासत होता.

त्याने मला शब्द दिलाय की ही शेवटची स्पर्धा आणि जपून खेळेन. जपून खेळणं म्हणजे काय असतं ते मला कळत नाही. तुमचा खेळ मी कधी धड बघितलेलाच नाही. इतकी वर्षं तुमचे घामाचे कपडे धुतले, तेवढाच माझा आणि बास्केटबॉलचा संबंध. म्हणून आता विचारते. तुम्ही तिघंच का खेळता? आई विचारत होत्या, बाकीची मुलं आजारी आहेत का. तू चौथा आहेस, मग तू आत जातोस कधी? आणि तुमचा प्रशिक्षक कोण? त्याचा पत्ता कळव. मी त्यालाच सरळ लिहिते, की या माणसाला वरचेवर बाहेर काढून बसवत जा.

तू आठवीत होतास तेव्हा मी या घरात आले. तुझी प्रगतिपुस्तकं दादाच्या आधी माझ्या हातात पडायची आणि मी मूग गिळून बसायचे. आता माझ्यासाठी जरा डोळ्यात तेल घालून बस.

आशीर्वाद.
तुझी वहिनी

११ जून

वहिनी,

नमस्कार. दादा खाली गेलाय. हॉटेलच्या जेवणाच्या खोलीत एक फरशी पाय पडला की पोकळ वाजते, ती मॅनेजरला दाखवायला. म्हणजे मला अर्धा तास तरी आहे.

आईला सांगा, सगळे ठणठणीत आहेत. हा खेळच तिघांचा आहे. मैदान अर्धं, बास्केट एकच, आणि दोन्ही संघ त्याच एका बास्केटवर टपलेले. समोरच्यांनी गुण केला की जाळीतून पडलेला चेंडू आपण उचलायचा, जमिनीवर आखलेल्या कमानीबाहेर न्यायचा आणि तिथून पुन्हा चढाई करायची. "चला, आता तुमची पाळी" असं म्हणायला मध्ये कुणी थांबत नाही. कमानीच्या आतून एक गुण, बाहेरून दोन. दहा मिनिटं खेळायचं, किंवा जो आधी एकवीस करेल तो जिंकला. दहा मिनिटं ऐकायला थोडी वाटतात. तिसऱ्या मिनिटाला माणसाला आपली वडीलधारी मंडळी आठवायला लागतात.

आता प्रशिक्षकाचं. तो नसतोच. म्हणजे एखाद्या संघाला असला, तरी सामना चालू असताना त्याने मैदानापाशी यायचं नाही, आणि प्रेक्षकांत बसून सूचनाही करायच्या नाहीत. जे काय ठरवायचं ते आम्ही चौघांनी. त्यामुळे तुमचं पत्र घ्यायला कुणी नाही.

आणि तुमचा मुद्दा. आत कोण आणि बाहेर कोण, हेही कुणी सांगत नाही. चेंडू थांबला की आतला माणूस आपणहून मागच्या रेषेबाहेर येतो, बाहेर उभ्या असलेल्याच्या हाताला हात लावतो, आणि मग तो आत जातो. हात लावल्याशिवाय बदली नाही. पंचाला विचारायचं नाही, कुणाची परवानगी नाही. ज्याला वाटलं आपलं भागलं, तो येतो. मी दादाला बाहेरून ओढू शकत नाही. शर्टाला धरून ओढलं तर मलाच घरी पाठवतील.

पहिल्या मुक्कामाचं मैदान भर चौकात होतं. एका बाजूला वाचनालय, दुसऱ्या बाजूला चपलांचं दुकान, आणि मध्ये प्लास्टिकचे चौकोन एकमेकांत अडकवून रातोरात घातलेली जमीन. सामना चालू असताना गाणी वाजतात आणि निवेदक बोलतच असतो. माझी खुर्ची मागच्या रेषेला लागून. पहिल्या सामन्यात आमच्यातला सगळ्यात उंच तो लंबू बाहेर आला, मास्तर दोनदा आले, दादा नाही. मी त्याला खूण म्हणून हात हलवला, तर त्यानेही हलवला, गाडीतून निघालेला पाहुणा हलवतो तसा. एक सामना जिंकलो, एक हरलो, पुढे नाही गेलो. स्पर्धेची अजून तीन गावं आहेत.

तो आला वाटतं.

धाकटा

१६ जून

भावजी,

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचायला घेतलं आणि डबा तसाच राहिला. हा कसला खेळ आहे? ज्याला थांबवायचं, त्यानेच ठरवायचं कधी थांबायचं? आमच्या विभागात असा नियम केला तर निम्मे पेशंट दारातूनच परत जातील.

पण मला स्वस्थ बसवेना. नोंदणीच्या खिडकीवरच्या बाईंनी कॉम्प्युटरवर या स्पर्धेचे जुने सामने शोधून दिले. आता आम्ही दोघी सुट्टीत तेच बघतो. एक गोष्ट तू लिहिली नव्हतीस. खेळ थांबून पुन्हा सुरू होतो तेव्हा समोरचाच खेळाडू आपल्या माणसाच्या हातात चेंडू देतो. भांडणाऱ्याने आधी दुसऱ्याच्या हातात काठी द्यावी आणि मग म्हणावं, हं, चल आता. मला ते फार आवडलं. असं का करतात? आणि गाणी कशाला वाजवतात? खेळाडूंना ती ऐकू येतात का? मला वाटतं तुझ्या दादाला येत नसतील, त्याला तर कुकरची शिट्टीही येत नाही.

बारा सेकंदांत चेंडू बास्केटकडे टाकलाच पाहिजे, हेही कळलं. आई म्हणाल्या, मग विचार कधी करायचा? मी म्हटलं, तुमच्या थोरल्याला हा खेळ म्हणूनच आवडतो.

आता माझं ऐक. त्याला विचारून उपयोग नाही, तेव्हा बघून कळव. एक, पायऱ्या उतरताना तो कुठला पाय आधी टाकतो. गुडघा दुखत असला की माणूस दुखरा पाय आधी खाली टाकतो, म्हणजे वाकायचं काम चांगल्या पायाला पडतं. उजवाच पाय प्रत्येक पायरीला आधी पडत असेल तर समज. दोन, जमिनीचे सांधे बघताना तो गुडघे टेकतो की कमरेतून वाकतो.

आणि तुम्ही दोघं एका वेळी आत असाल तेव्हा त्याला फार पळू देऊ नकोस. कसं ते मला सांगता येणार नाही. खेळाडू तू आहेस.

वहिनी

२५ जून

वहिनी,

पेढे वाटा. दादाला अक्कल आली.

दुसऱ्या मुक्कामाला तो बाहेर आला. एकदा नाही, प्रत्येक सामन्यात, आणि वरचेवर. चेंडू थांबला की रेषेबाहेर येतो, माझ्या हातावर चांगली सणसणीत टाळी देतो आणि खुर्चीत बसतो. पहिल्यांदा आला तेव्हा मी इतका गडबडलो की बुटाची नाडी बांधायचीच राहिली. मग मी खेळलो, वहिनी. नुसता आत नव्हतो, खेळलो. कमानीबाहेरून टाकलेले दोन चेंडू सलग पडले आणि निवेदकाने मला "लिफ्टवाला" असं नाव ठेवलं. मी लिफ्ट दुरुस्त करतो हे त्याला लंबूनेच सांगितलं असणार. आता सगळं मैदान तेच ओरडतं. आम्ही उपांत्य फेरीपर्यंत गेलो.

तुमच्या दोन्ही परीक्षा घेतल्या. पायऱ्या तो सरळ उतरतो, एकदा हा पाय, एकदा तो. मी मुद्दाम मागे राहून बघितलं. आणि सामन्याच्या आधी मैदानाच्या कोपऱ्यात चक्क दोन्ही गुडघे टेकून बसला, एक चौकोन नीट अडकलेला नाही म्हणाला, आणि मैदान घालणाऱ्या माणसाकडून तो बसवून घेतला.

म्हणजे गुडघा ठीक, आणि वर जपतोही आहे. तुमच्या पत्राचा वास लागला असेल त्याला. तुम्ही आता निर्धास्त झोपा.

समोरचा चेंडू हातात का देतो, ते मी मास्तरांना विचारलं. ते शाळेत गणित शिकवतात, त्यांना सगळ्याचं कारण माहीत असतं. म्हणाले, म्हणजे "माझी तयारी आहे" असं त्याने सांगायचं, नंतर तक्रार नको. गाणी मात्र ऐकू येतात. दादालाही येतात. मी त्याला बाहेर बसून पायाने ठेका धरताना पाहिलं. उजव्याच पायाने.

तुमचा लिफ्टवाला

३० जून

भावजी,

लिफ्टवाला हे नाव मी आईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, वर नेतो तोवर ठीक आहे.

तुझं पत्र यायच्या आधीच तुमचे सामने बघून झाले होते. यावेळी जुने नाहीत, तुमचेच. रविवारी आई, मी आणि नोंदणीच्या बाई, तिघी आमच्या बाहेरच्या खोलीत. दादा बाहेर येऊन खुर्चीत बसला की मी सुटकेचा निःश्वास टाकायचे, तू आत गेलास की आई टाळ्या वाजवायच्या. फार छान खेळलास. मी उगाच म्हणत नाही, आता मला थोडंफार कळतं.

थोडंफार कळतं म्हणूनच एक विचारते. रागावू नकोस, हा खरंच प्रश्न आहे. तुम्ही दोघं एकदम आत असता तेव्हा तू दादाला चेंडू देत नाहीस. तो एकटा मोकळा उभा असतो, दोन्ही हात पुढे करून, आणि तू मास्तरांना शोधतोस, नाहीतर गर्दीतूनच स्वतः टाकतोस. नोंदणीच्या बाई म्हणाल्या, हा डावपेच असेल, तो समोरच्यांना फसवायला उभा असतो. तसं आहे का? मग समोरचेही त्याच्याकडे बघेनासे झाले, तेव्हा फसतंय कोण?

दुसरं. तो बाहेर येतो तेव्हा धापा टाकत नसतो. मास्तर येतात तेव्हा गुडघ्यांवर हात ठेवून उभे राहतात. लंबू तर जमिनीवरच बसतो. तुझा दादा मात्र दुकानातून बाहेर पडावं तसा येतो. गुडघा ठीक, दमलेला नाही, मग येतो कशाला? त्याचं कौतुक करायचं सोडून मी हेच कोडं घेऊन बसले आहे. तो माणूस मला पंधरा वर्षं माहीत आहे. काही पटल्याशिवाय तो जागचा हलत नाही. त्याला काय पटलं असेल?

वहिनी

७ जुलै

वहिनी,

घाईत लिहितो. तिसरा मुक्काम झाला. हरलो. एका गुणाने. सकाळी पाऊस पडून गेला होता, मैदान पुसून घेतलं तरी पाय सरकत होते, आणि समोरचे चांगले होते. लंबूला शेवटी दम राहिला नाही. नशीब, दुसरं काय.

दादाचा गुडघा उत्तम आहे. तो फारसा खेळलाच नाही.

तुम्ही विचारलंत तो डावपेचच आहे.

आता एकच मुक्काम राहिला.

धाकटा

१२ जुलै

भावजी,

मी तो सामना बघितला.

लंबूचं नाव घेऊ नकोस. तो बिचारा शेवटपर्यंत उड्या मारत होता. मी काय बघितलं ते लिहिते, चुकलं असेल तर सांग.

दुपारची वेळ होती. मी कामावर होते, पण आत पेशंट नव्हता. एक म्हातारे गृहस्थ हाताला प्लास्टर लावून बाकावर बसले होते, तेही आमच्याबरोबर कॉम्प्युटरकडे बघत होते. सामना संपायला थोडाच वेळ होता आणि तुझ्या पोटरीत गोळा आला. तू एका पायावर उड्या मारलेल्या मला दिसल्या. चेंडू थांबला. दादा खुर्चीतून उठला, रेषेपाशी आला आणि त्याने हात पुढे केला. तू त्याच्याकडे बघितलंस. बघितलंस हे नक्की, आणि पाठ फिरवून समोरच्याच्या हातून चेंडू घेतलास. पुढे पुन्हा खेळ थांबला. दादा तसाच हात पुढे करून उभा. तू गेला नाहीस. तू ज्याला अडवत होतास, त्याने तुला दोनदा सहज मागे टाकलं आणि सामना गेला.

प्लास्टरवाले आजोबा म्हणाले, "अहो, त्या बाहेरच्याला का घेत नाहीत आत?" त्याचं उत्तर मीच होते. मीच तुला सांगितलं होतं, त्याला जपायचं.

आणि तुला खरं सांगू का? तो हात पुढे करून उभा होता तेव्हा मी पहिल्यांदा गुडघा विसरले. मी उठून उभी राहिले आणि म्हणत होते, लाव रे, हात लाव त्याला. नोंदणीच्या बाई माझ्याकडे बघत राहिल्या. गेला महिनाभर मी हा माणूस बाहेर बसावा म्हणून जीव टाकत होते आणि तो बाहेर बसलेला मला बघवेना. सामना संपल्यावर तो हात कुठे ठेवावा हे त्याला कळत नव्हतं. शेवटी त्याने तो टॉवेलला पुसला. मी आत जाऊन यंत्रामागे रडले. तिथे कुणी येत नाही.

म्हणजे माझं कोडंही सुटलं. तू त्याला चेंडू देत नव्हतास, म्हणून तो बाहेर येत होता. आपण त्याला शिंक्यावर टांगून ठेवलं होतं आणि ते त्याला समजलं होतं. बरोबर ना?

मी परत डॉक्टरांकडे गेले. विचारलं, अजून किती खेळला तर चालेल? ते म्हणाले, मी काय सांगू, गुडघ्याला आधी कळतं, मला नंतर. त्याला दुखतं का? भावजी, मला माहीतच नव्हतं. मी त्याचा फोटो काढला, फट मोजली, तुला पहाऱ्यावर बसवलं, पायऱ्या बघायला लावल्या. पण दुखतं का, असं मी त्याला एकदाही विचारलेलं नाही. "कसा आहे" विचारते, तेही तपासायला आल्यासारखं. त्यावर कुणीही तसलंच उत्तर देईल.

तेव्हा मी तुला घातलेलं सगळं काम परत घेते. भीती गेलेली नाही. ती आहे, चांगली मोठी आहे. रोज सकाळी त्याच्या गुडघ्याला बांधायच्या पट्ट्या कपाटात दिसतात आणि मी दार लावून टाकते. पण ती माझी भीती आहे, ती तुझ्या हातात देऊन तुला आत पाठवणं बरोबर नव्हतं. शेवटच्या मुक्कामाला त्याने हात पुढे केला आणि तुझं भागलं असेल, तर हात लाव.

वहिनी

२४ जुलै

वहिनी,

तुमचं शेवटचं पत्र मला दादानेच आणून दिलं. हॉटेलच्या खालच्या टेबलावर पडलं होतं. अक्षर ओळखून वर घेऊन आला, न फोडता माझ्यापुढे धरलं आणि म्हणाला, "घे. मला लिहीत नाही, तुला लिहिते. म्हणजे गुडघ्याबद्दलच असणार."

त्याने ते वाचायला मागितलं नाही. पलंगावर बसून बुटांच्या नाड्या ओवत राहिला. मग म्हणाला, "तू पायऱ्यांवर माझ्या मागे थांबून पाय बघतोस, कळत नाही का मला? दात-ओठ खाऊन सरळ उतरत होतो."

मी म्हटलं, "आणि मैदानात गुडघे टेकून बसलास तो?"

"तोही तुझ्यासाठीच. उठताना त्या मैदानवाल्याच्या खांद्याला धरून उठलो. तेवढं तू बघितलं नाहीस, तू पाणी प्यायला गेला होतास."

मी तुमचं पत्र वाचलं आणि मग तुमची परवानगी न घेता त्याच्या हातात दिलं. रागवायचं असेल तर रागवा. त्याने ते फार हळू वाचलं. वाचून झाल्यावर खिडकीपाशी जाऊन उभा राहिला, आणि मला म्हणाला, "गुडघा माझा आहे रे. तुम्ही दोघांनी तो आपसांत वाटून घेतलात. मी आत असलो की तू मला चेंडू देईनास, म्हणजे आपण अडीच जण खेळत होतो. म्हटलं त्यापेक्षा तू तरी मोकळा खेळ. पण मागच्या सामन्यात तू लंगडत होतास आणि मी चांगल्या पायांवर उभा होतो. तरी आला नाहीस." त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं वाटलं असतं. मी माफी मागितली. मागताना रडलो, हे तुम्ही आईला सांगू नका.

आता सामना. शेवटचा मुक्काम, उपांत्यपूर्व फेरी. समोर चार धिप्पाड गडी, त्यांच्यातल्या सगळ्यात लहान पोराला मी मानेपर्यंत लागत होतो. सुरुवातीलाच माझा दम निघाला. चेंडू थांबला, मी रेषेबाहेर गेलो आणि दादाने हात पुढे करायच्याही आधी त्याच्या हाताला हात लावला. तो आत गेला. वहिनी, मी खुर्चीत बसलो आणि ठरवून त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो, खाली गुडघ्याकडे नाही. जमलं नाही सारखं, पण बघितलं. मास्तरांनी त्याला चेंडू दिला, त्याने कमानीबाहेरून टाकला, पडला. दोन गुण. पुन्हा एक. मध्ये एकदा तो वळताना पडला आणि माझी पाचावर धारण बसली. तो हाताचा जोर देऊन उठला, पाय झटकला आणि खेळत राहिला. मी उठलो नाही. ते मला त्या सगळ्या स्पर्धेत सगळ्यात जड गेलं.

नंतर लंबूने बाहेर येऊन मला आत पाठवलं, आणि आम्ही दोघं भाऊ बऱ्याच दिवसांनी खरोखर एकत्र खेळलो. तो मोकळा दिसला की चेंडू त्याला. त्यालाही कळलं. एकदा चेंडू घेताना हसला.

बरोबरी झाली. शेवटचं मिनिट. लंबू ताजातवाना होऊन रेषेपाशी उभा. चेंडू थांबला आणि दादा माझ्याशेजारी येऊन म्हणाला, "मी निघतो. समोरचा हा पोरगा आता मला झेपत नाहीये, लंबूला झेपेल." एवढंच. चालत गेला, लंबूच्या हाताला हात लावला आणि खुर्चीत बसला. त्याला कुणी खुणावलं नव्हतं. या वेळी तो दुकानातून बाहेर पडल्यासारखा आला नाही, गुडघ्यांवर हात ठेवून आला, मास्तर येतात तसा. ते बघून मला इतकं हलकं वाटलं की मी समोरच्याला चेंडू द्यायचाच विसरलो. पंचाने आठवण केली.

लंबूने त्या पोराला अडवलं, मी आतून एक टाकला, जिंकलो. पुढच्या फेरीत सपाटून हरलो, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. परवा निघतो.

दादा म्हणतो, खाली जागा सोड. त्याला लिहायचं आहे. मी बाहेर जातो.

धाकटा

ऐक,

धाकट्याने सगळं लिहिलंय, त्यात मी फार शूर वाटतोय. तसं नाही.

तू डॉक्टरांना उत्तर देऊ शकली नाहीस, ते मी देतो. दुखतो. पायऱ्या उतरताना दुखतो. खेळून आल्यावर संध्याकाळी जास्त. कामावर तासाभराने दुखायला लागतो, मग मी फरशी मापायच्या निमित्ताने उठून उभा राहतो. गेलं वर्षभर असं आहे. तुला सांगितलं असतं तर तू काम बंद कर म्हणाली असतीस, आणि ते ऐकायची माझी तयारी नव्हती. अजूनही नाही, पण आता निदान बोलता येईल.

खेळ संपला. कुणी सांगितलं म्हणून नाही, मला त्या मिनिटाला कळलं म्हणून. वाईट वाटलं. अजून वाटतंय.

घरी आलो की कुठे दुखतो ते बोट ठेवून दाखवतो. तुझ्या फोटोत ती जागा आली नसेल.